भाचेबुवांचा ड्रॉवर

चि. भाचेबुवा,

हे पत्र खुलं आहे, कारण पाकिटातली पत्रं तू उघडत नाहीस आणि आपल्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन तूच आहेस. तिथे तुझ्याविषयी दोन ओळी लिहिल्या की संध्याकाळपर्यंत त्या जागी संदेश हटवल्याची नोंद तेवढी उरते. छापील कागदावर अजून कुणी ॲडमिन नेमलेला नाही, तेव्हा म्हटलं इथेच बोलावं.

आधी उपकार मोजतो. आपल्या घराण्यात लग्नं तुला न विचारता ठरली, घरं घेतली गेली, एक-दोन मोडलीही. पण फोन? तुझ्या मुखातून होकार आल्याखेरीज मोबाईलच्या दुकानाची पायरी चढायची कुणाची टाप नाही. हिंजवडीच्या कंपनीत तू नेमकं काय करतोस हे तुझ्या आईलासुद्धा नीट सांगता येत नाही. तरी 'तो कंप्युटरमधला आहे' एवढ्या भांडवलावर आमच्या सगळ्यांच्या खिशात काय असावं ते तू ठरवतोस. डोळ्यांच्या डॉक्टरनं येईल त्या पेशंटला स्वतःच्याच नंबरचा चष्मा लावून द्यावा, तसा तुझा हा दवाखाना बिनबोभाट चालू आहे.

तुला फोनबद्दल कुणीही विचारलं की तू दोनच गोष्टी विचारतोस. बजेट किती, आणि कधी हवाय. फोन कशासाठी हवाय, हा प्रश्न तुझ्या तोंडून आजवर घरातल्या कुणीही ऐकलेला नाही. तो विचारावा लागत नाही, कारण उत्तर तुझ्याकडे तयार असतं. ते कुठून येतं, ते आता आम्हांला कळलंय. त्याकडे येतोच.

तुझी धर्मांतरं मात्र आधी सांगायला हवीत, कारण घरातल्या नव्या सुनांना ती ठाऊक नाहीत. २०१२च्या सुमारास तू कट्टर अँड्रॉइडपंथी होतास. दिवाळीच्या फराळाला बसलेल्या माणसाला तू चकलीचा तुकडा मोडायच्या आत सांगायचास की आयफोन म्हणजे तुरुंग, आणि अँड्रॉइड म्हणजे मोकळं रान. माझा चांगला चालता-बोलता फोन तू 'रूट' केलास, त्यावर कुणा हौशी मंडळींनी बनवलेली रॉम चढवलीस. फोन वाऱ्यासारखा पळू लागला. फक्त त्यावरून फोन लागेना. 'मामा, पुढच्या बिल्डमध्ये होईल,' असं तू म्हणालास आणि फोडणीच्या पोह्यांकडे वळलास.

मोकळ्या रानाचं ते कीर्तन मी मनापासून ऐकलं. त्यात एक अध्याय गाळलेला होता. अँड्रॉइडचा पाया खुला आहे हे खरं, पण त्यावरचं प्ले स्टोअर, नकाशे, शोध ही सगळी गूगलची मालमत्ता. ती हवी असेल तर फोन बनवणाऱ्या कंपनीनं गूगलच्या अटींवर सही करायची. आपल्या स्पर्धा आयोगानं याच अटींपायी ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७ कोटी ७६ लाख रुपयांचा दंड ठोठावला आणि अपिलीय न्यायाधिकरणानं मार्च २०२३ मध्ये ती रक्कम कायम केली. मोकळ्या रानाला कुंपण होतं, एवढंच.

मग तुझा मधला काळ आला. 'दोघांच्या भांडणात तिसराच जिंकतो' हे तुझं राजकीय भाष्य आणि त्यापाठोपाठ थोरल्या मामांच्या हातात विंडोज फोन. खरं सांगायचं तर तो दिसायला तिघांत देखणा होता. मोठे चौकोन, ठसठशीत अक्षरं, स्वस्तातल्या फोनवरही न अडखळणारा. पण फोनचा प्लॅटफॉर्म देखणेपणावर जगत नाही. ज्यांची ॲप्स लोकांना रोज लागतात त्यांनी तिथे येऊन दुकान मांडलं तर तो जगतो. ती मंडळी आली नाहीत. मायक्रोसॉफ्टनं २०१४ मध्ये नोकियाचा फोनचा धंदा विकत घेऊनही काही फरक पडला नाही, आणि २०१९ संपता संपता व्हॉट्सॲपनं विंडोज फोनला रामराम ठोकला. थोरले मामा आता तो फोन गजराला वापरतात. गजर वेळेवर होतो, नाही असं नाही.

त्यानंतर तू ॲपलची दीक्षा घेतलीस. कालपर्यंतचा तुरुंग एका रात्रीत मठ झाला. आता कीर्तनाचा विषय प्रायव्हसी. 'मामा, अँड्रॉइडमध्ये तुम्ही गिऱ्हाईक नसता, माल असता.' वाक्य चांगलं आहे, तुझं नसलं तरी. आणि त्यात तथ्यही आहे. एप्रिल २०२१ पासून आयफोनवर प्रत्येक ॲपला तुमचा माग काढायच्या आधी तुमची परवानगी विचारावी लागते, आणि त्याचा जाहिरातवाल्यांना चांगलाच चटका बसला. पण त्याच आयफोनच्या ब्राउझरमध्ये आपणहून गूगलच शोधायला पुढे यावं, यासाठी गूगलनं ॲपलला २०२२ या एका वर्षात २० अब्ज डॉलर मोजले. हे मी म्हणत नाही, अमेरिकेतल्या खटल्याच्या कागदपत्रांत ते आलंय. ज्या दोन पंथांच्या नावानं तू बारशापासून तेराव्यापर्यंत प्रत्येक पंगतीत भांडण काढतोस, ते दोघे एकमेकांच्या ताटात तूप वाढताहेत.

इतकी वर्षं मी हे सगळं तुझी निष्ठा म्हणून सोसलं. तरुण माणसाला काहीतरी श्रद्धा असावी. पण गेल्या महिन्यात तुझ्याकडे उतरलो असताना चार्जर शोधायला तुझ्या टेबलाचा ड्रॉवर उघडला, आणि मला साक्षात्कार झाला. आत जुने फोन ओळीनं मांडलेले. प्रत्येकावर पिवळी चिठ्ठी. एकीवर 'आजी'. दुसरीवर 'धाकटे मामा', तिच्यावर दोन फुल्या आणि खोडून वाढवलेली किंमत. एकावर नुसतं प्रश्नचिन्ह. दर वर्षी नवा फोन घ्यायचा तर जुन्याचं काहीतरी करावं लागतं. दुकानदार एक्सचेंजमध्ये पडत्या भावानं घेतो. नातेवाईक तसे नसतात. ते वर आभारही मानतात.

तेव्हा भाचेबुवा, तुझी निष्ठा अँड्रॉइडवर नाही, ॲपलवरही नाही. ज्या महिन्यात ड्रॉवरमध्ये जे असेल तो तुझा पंथ.

आजीपासून सुरुवात करू. ती तुझी आजी, माझी आई, म्हणून तिच्या वतीनं बोलायचा मला दुहेरी अधिकार आहे. तिच्याकडे एक साधा अँड्रॉइड होता. खाली तीन खुणा असलेला. त्यातली मागे जायची खूण तिला देवघरातल्या समईइतकी सवयीची. फोन सगळा मराठीत. अँड्रॉइडमध्ये मराठी २०१४ च्या लॉलीपॉप आवृत्तीपासून आहे, आणि ती तिथे मीच लावून दिली होती. तिचं कामही ठरलेलं. सकाळी भजनी मंडळाचा ग्रुप, दुपारी यूट्यूबवर कीर्तन, संध्याकाळी न्यू जर्सीच्या नातीचा व्हिडिओ कॉल.

अशा सुखी बाईच्या हातात तू तुझा जुना आयफोन ठेवलास. कारण काय, तर 'आजी, यात व्हायरस येत नाही'. आणि न्यू जर्सीवाल्या ताईशी फेसटाइमवर बोलता येईल. त्या फोनला खाली एकही बटण नाही. २०१७ च्या आयफोन टेनपासून ॲपलनं ते काढायला सुरुवात केली. आता परत घरच्या पानावर यायचं तर खालच्या कडेवरून बोट वर सरकवायचं, आणि ते किती सरकवायचं यावर काय उघडेल ते ठरणार. तुझ्या बोटांना ते सहज जमतं. ऐंशी ओलांडलेल्या, संधिवातानं वाकलेल्या बोटांना जमत नाही. त्यातून फोन तू इंग्रजीतच ठेवून गेलास. 'रविवारी येऊन सेट करतो.' कुठला रविवार ते बोलला नाहीस.

त्याहून वाईट गोष्ट तिनं तुला सांगितलेली नाही, मी सांगतो. अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअप गूगलच्या खात्यात जातो, आयफोनवरचा आयक्लाउडमध्ये, आणि दोघांना एकमेकांचं अक्षर लागत नाही. अँड्रॉइडवरचं सामान आयफोनवर न्यायची सोय २०२२ पासून आहे, पण ती नवा फोन सुरू करतानाच नीट बसून करावी लागते. ते अर्ध्या तासाचं काम तुझ्याच्यानं झालं नाही. जुना फोन तू पुसून टाकलास. त्यात भजनी मंडळाच्या बायकांनी एकमेकींना म्हणून पाठवलेल्या अभंगांच्या चाली होत्या. त्यांतल्या दोन बायका आता मंडळात येत नाहीत, वयच झालंय. चाली पुन्हा मिळतील अशी आशा आजीला आहे. मला नाही.

आणि फेसटाइम! अमेरिकेत त्या फोनचं वजन वेगळं आहे, हे मला मान्य आहे. तिथे बरेच लोक फोनमधल्या मूळ मेसेजवरच बोलतात. आयफोनवाल्यांनी एकमेकांना पाठवलेले संदेश निळ्या फुग्यात, अँड्रॉइडवाल्याला गेलेले हिरव्या. त्यावरून शाळकरी पोरांत जातपात सुरू झाली, आणि मार्च २०२४ मध्ये तिथल्या न्याय खात्यानं ॲपलवर मक्तेदारीचा खटला भरला त्यात या हिरव्या फुग्यांचीही दखल घेतली. ताईच्या लेकीला तिथे आयफोन घेऊन देणं शहाणपणाचं असेल. पण आजी राहते सांगलीत. इथे पाहुणे, दूधवाला, भजनी मंडळ आणि ताई, सगळी व्हॉट्सॲपवर, आणि व्हॉट्सॲपवर आपल्या सगळ्यांचेच फुगे हिरवे. फेसटाइमची एवढीच असोशी असती, तर ताईला फेसटाइमची लिंक पाठवायला सांगता आलं असतं. ती २०२१ पासून अँड्रॉइडच्या ब्राउझरमध्येही उघडते.

म्हाताऱ्या माणसाचा फोन निवडताना बघायचं ते एकच, असं माझं मत झालंय. अडल्यावर शेजारी कोण बसणार आहे? आजीकडे दुपारी कामाला येणाऱ्या मावशींकडे अँड्रॉइड आहे. 'आजी, हे दाबा, मग ते दाबा' हे त्यांना येतं. आयफोन हातात आला तशा त्याही गप्प झाल्या. हिंजवडीतला तज्ज्ञ दोनशेहून अधिक किलोमीटरांवर, आणि घरातल्या तज्ज्ञ मावशींना तू एका फटक्यात अडाणी करून ठेवलंस.

आता धाकटे मामा. तासगावला द्राक्षाची बाग म्हणजे काय असते हे तुला ठाऊक असायला हरकत नव्हती, दर उन्हाळ्यात पेट्या भरून तुझ्याकडे येतात. त्यांच्या फोनचा दिवस पहाटे अंधारात सुरू होतो, कारण शेतीची वीज कधी रात्रीची असते कधी दिवसाची. विहिरीवरच्या मोटरला सिमकार्डवाला स्टार्टर आहे, त्याला फोन करून मोटर चालू करायची. मग फवारणी. बोर्डो मिश्रणाच्या निळ्या हातांनी फोन उचलायचा. दुपारी व्यापाऱ्याला घडाचे फोटो. खरीप-रब्बीला ई-पीक पाहणी. २०२१ च्या स्वातंत्र्यदिनापासून राज्यभर शेतकऱ्यानं स्वतः बांधावर जाऊन, पिकाचा फोटो काढून, सातबारावर नोंद करायची आहे. घरी चार्जर असतो, बांधावर नसतो.

या माणसाला तू काय दिलंस? ज्याची बॅटरी ७६ टक्क्यांवर आलीय असा आयफोन. हा आकडा त्या फोनच्या सेटिंगमध्येच लिहिलेला असतो. तो तिथे का असतो, तेही सांगतो. जुन्या बॅटरीचे फोन ॲपल गुपचूप हळू करत होतं, हे डिसेंबर २०१७ मध्ये उघड झालं, कंपनीला माफी मागावी लागली, आणि मग पुढच्या मार्चमध्ये बॅटरीची तब्येत दाखवायची सोय आली. ८० च्या खाली गेलेली बॅटरी बदलावी असा संकेत. तुला हे पाठ आहे. मामांना नव्हतं. त्यांना वाटलं १०० पैकी ७६ म्हणजे चांगले मार्क आहेत.

दुसरं सिम. गावात एका कंपनीची रेंज, बागेत दुसरीची, म्हणून त्यांना दोन सिम लागतात. तू दिलेल्या आयफोनला कार्डाचा खण एकच, दुसरं सिम ई-सिम. 'तेच तर आधुनिक आहे, मामा!' असेलही. पण पहिल्या पावसात फोन चरीत पडला की मामा आजवर काय करायचे? कार्ड काढायचं, शर्टाला पुसायचं, घरातल्या कीपॅडच्या फोनमध्ये टाकायचं आणि व्यापाऱ्याला फोन लावायचा. ई-सिम शर्टाला पुसून कीपॅडच्या फोनमध्ये घालता येत नाही. काच फुटली तर अँड्रॉइडची तासगावच्या बाजारात चहा पिऊन होईपर्यंत बसवून मिळते, आयफोनची अस्सल हवी तर शहर गाठा. एक गोष्ट न्यायाची म्हणून सांगतो. भर उन्हात त्या आयफोनचा पडदा त्यांच्या जुन्या फोनपेक्षा स्वच्छ दिसायचा. चालू असेपर्यंत.

आमच्या गाणाऱ्या लेकीचं प्रकरण तर तुझ्या कीर्तीला साजेसंच. घरात आयफोनची खरी गरज कुणाला असेल तर ती तिला. ती शास्त्रीय गाते, रियाज रेकॉर्ड करते, तानपुऱ्यावर आवाज चढवून पुन्हा ऐकते, दोन आवाज एकावर एक लावते. तिच्या गुरूंकडे सगळी मुलं आयफोन-आयपॅडवर आयतबला प्रो लावून गातात. गॅरेजबँड ॲपल आपल्या फोनवर फुकट देतं आणि दुसऱ्या कुणाच्या फोनवर देतच नाही. शिवाय एक तांत्रिक गोष्ट, जी तू मला समजावून सांगायला हवी होतीस, मी तुला सांगतोय. गाताना स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये ऐकायचा तर तो तत्काळ यावा लागतो. क्षणभर उशीर झाला तरी गाणारा लयीतून घसरतो. ॲपलला मोजकेच फोन सांभाळायचे असल्यानं त्यांनी हे सुरुवातीपासून नीट बसवलं. अँड्रॉइड शेकडो कंपन्यांच्या हजारो फोनांवर चालतं, त्यामुळे कुठला फोन किती उशीर करील याचा नेम नव्हता. आता पुष्कळ सुधारलंय, पण फोनागणिक फरक आहेच.

तिनं तुझ्याकडे जुना का होईना आयफोन मागितला. पण त्या महिन्यात ड्रॉवरमध्ये आयफोन उरला नव्हता, ते आजी आणि मामा यांच्या नावे खपले होते. मग तुला अचानक पूर्वाश्रमीचा धर्म आठवला. ॲपल म्हणजे बंदिस्त, फाइली बाहेर काढता येत नाहीत, गेमिंगला काय उपयोग. आणि तिच्या गळ्यात तू कॅमेऱ्याचा अँड्रॉइड मारलास. २०० मेगापिक्सेल! भाचेबुवा, गाणाऱ्या मुलीला तू मेगापिक्सेल दिलेस. भैरवीचा फोटो अजून कुणी काढलेला नाही.

राहिले काका. पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. उभ्या हयातीत त्यांच्या टेबलावर आलेला 'परवानगी मिळावी' असा एकही अर्ज त्यांनी अडवला नाही, असा त्यांचा लौकिक. तेच धोरण त्यांनी फोनवरही चालू ठेवलंय. ॲपनं कॅमेऱ्याची परवानगी मागितली, दिली. मेसेज वाचायची मागितली, दिली. कुणी अनोळखी नंबरावरून 'लग्नपत्रिका' किंवा 'वाहतूक दंडाची पावती' नावाची एपीके फाइल पाठवली, ती उघडली. अँड्रॉइडनं विचारलं, अज्ञात ठिकाणचं ॲप बसवू का? काकांनी परवानगी दिली. बँकेचे ओटीपी पळवणारे हेच मार्ग वापरतात, पोलीस कानीकपाळी ओरडताहेत. काका वाचले ते केवळ त्या आठवड्यात पेन्शन जमा व्हायची होती म्हणून.

एपीके फाइल आयफोनवर बसतच नाही. तू ज्याला एकेकाळी तुरुंग म्हणायचास, तो काकांसारख्या दयाळू माणसाला तटबंदी म्हणून उपयोगी आहे. त्या तटबंदीवरून फोन करून 'डिजिटल अरेस्ट'ची धमकी देणारा भामटा आत येतोच, त्याला कुठलाच फोन अडवत नाही. पण निदान लग्नपत्रिका तरी अडली असती. काकांनी तुला विचारलं तेव्हा तू म्हणालास, 'काका, आयफोन तुम्हाला झेपायचा नाही.' आणि दिलास जुना अँड्रॉइड, ज्याचे सुरक्षा अपडेट कधीच थांबले होते. प्रश्नचिन्हाची चिठ्ठी त्याच्यासारख्याच्या नशिबी असावी.

अपडेटचं तुला वेगळं सांगायला नको, पण वाचणाऱ्यांसाठी सांगतो. २०१५ च्या आयफोन ६एसला २०२१ ची आयओएस १५ मिळाली. अँड्रॉइडवाल्यांनी हे फार उशिरा मनावर घेतलं. गूगलनं ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगनं जानेवारी २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४ ला सात वर्षांचं वचन दिलं. मात्र ते वचन महागाच्या फोनांना. दहा-बारा हजारांच्या बऱ्याच फोनांना आजही थोडकीच वर्षं मिळतात, आणि खोक्यावर ते ठळक छापलेलं नसतं. दुकानात रॅम आणि मेगापिक्सेल विचारण्याआधी सुरक्षा अपडेट किती वर्षं, हे विचारावं. पैसे फोनमधून जातात-येतात अशा प्रत्येकानं.

तू विचारशील, मग मामांचं मत काय, अँड्रॉइड की आयफोन? हा प्रश्न फक्त तुझ्यासारख्यालाच पडतो. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेला आयफोन १७ इथे ८२,९०० रुपयांपासून सुरू झाला. तेवढ्यात तासगावात घरातल्या सगळ्यांना चांगले अँड्रॉइड येतील आणि वर फवारणीचा पंप. ज्याला त्या फोनमधली एखादी गोष्ट रोज लागते, त्यानं पैसे साठवून तो जरूर घ्यावा. ज्याला फक्त ते चावलेलं सफरचंद मंडपात दिसायला हवंय, त्यानं 'नो-कॉस्ट ईएमआय'वर घेऊ नये. बिनव्याजी कर्ज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. व्याज कुठेतरी असतंच, दिसत नाही इतकंच.

आता बातमी. गेल्या रविवारी, म्हणजे तू येणार म्हणून न आलेल्या अनेक रविवारांपैकी एका रविवारी, आम्ही सगळे आजीकडे जमलो. कोपऱ्यावरच्या मोबाईलवाल्या पोराला वर बोलावलं. त्यानं खुर्चीत बसण्याआधी आजीला विचारलं, 'आजी, फोनवर काय काय करता तुम्ही?' आजी अर्धा तास बोलत होती. त्यानं ऐकून घेतलं. मग आजीचा आयफोन लेकीला दिला, गॅरेजबँड उतरवून. लेकीचा तो २०० मेगापिक्सेलवाला धाकट्या मामांना, त्याला दोन कार्डांची जागा आहे आणि बॅटरी दमदार आहे, घडांचे फोटो व्यापारी आता मोठे करून बघतो. मामांच्या आयफोनला नवी बॅटरी बसवून तो काकांना. त्याला अपडेट अजून येतात, हे पोरानं आधी तपासून घेतलं. आजीला एक साधा नवा अँड्रॉइड, सगळा मराठीत, खाली तीन खुणा, आणि मावशींनी तिथल्या तिथे त्यावर पहिला कॉल लावून दिला. या वेळी सगळ्यांचं व्हॉट्सॲप नीट बसून हलवलं, त्यात दुपार गेली. काकांचा जुना फोन पुसून ई-कचऱ्यात दिला. त्या पोराचं नाव मी तुला सांगणार नाही. तू त्याला ग्रुपवर ॲड करशील.

खर्च झाला तो असा: आजीचा नवा फोन, मामांच्या फोनची बॅटरी आणि पोरानं नको नको म्हणत घेतलेले दुपारचे पैसे. ही सगळी रक्कम, शिवाय चिठ्ठ्यांवर लिहून तू आजी, मामा, काका आणि बहिणीकडून घेतलेले पैसे, यांची बेरीज मी तुझ्या आईकडे दिली आहे. तिलाही या महिन्यात फोन घ्यायचा आहे. तिला तो कशाला हवाय हे तिनं स्वतः पाठकोऱ्या कागदावर लिहून काढलंय आणि ती एकटी दुकानात जाणार आहे. तू सोबत जायचं नाहीस, दुकानाबाहेर उभं राहायचं नाहीस, आणि आतून तिनं फोन केला तर उचलायचा नाहीस.

पैसे येत्या दिवाळीच्या आत पोहोचते कर. रोख आण. काका आता कुणाचाच क्यूआर कोड स्कॅन करायला तयार नाहीत.

तुझा,
मामा